म्हाताऱ्यांना कोणी विचारले का?

मूळचे आपल्याच तालुक्यातले, पण गेली वीसेक वर्षे धायरीत स्थायिक झालेले एक वाचक लिहितात, "वडील गेल्यापासून आई गावी एकटीच राहते. वय अठ्ठ्याहत्तर. रक्तदाबाची गोळी चालू आहे. पुण्यात आमची स्वतःची जागा आहे, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. तरी ती राहत नाही. येते आणि आठ दिवसांत 'मला गाडीत बसवून दे' म्हणते. पाहुणेरावळे आम्हाला नावे ठेवतात. डॉक्टरसाहेब, या वयात तिला असे उघड्यावर राहू देणे ही हेळसांड नव्हे काय? तिला पटेल असे काही तरी लिहा, मी तिला वाचून दाखवीन."

पत्र प्रामाणिक आहे आणि त्यातली कळकळही खरी आहे. असा प्रश्न विचारणारे हे काही पहिलेच नव्हेत. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विंझरला मी दवाखाना चालवतो, त्याला आता सत्तावीस वर्षे झाली. (आपल्या वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड तालुका झाले आहे, पण जिभेवरचे जुने नाव जायला वेळ लागणार.) शनिवारी-रविवारी पुण्याहून आलेला एक तरी मुलगा वडिलांना किंवा आईला घेऊन दवाखान्यात येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, तुम्हीच समजवा. तुमचे ऐकतील." म्हातारे माणूस शेजारच्या स्टुलावर मान खाली घालून बसलेले असते. त्याच्याविषयी, त्याच्यासमोर, ते तिथे नसल्यासारखे सगळे बोलणे चालते.

तेव्हा "तिला पटेल असे" लिहिणे मला जमणार नाही. मुलांना पटेल असे काही जमते का ते पाहतो.

उघड्यावर म्हणजे कोठे?

आपल्याकडची सत्तरी ओलांडलेली बाई दिवसभरात काय काय करते, ते एकदा तिच्यामागे हिंडून पाहावे. पहाटे उठून अंगण झाडते, तेही वाकून. गोठ्यातले शेण काढते. कळशीभर पाणी आणते, निम्मे घरात आणि निम्मे परसातल्या वालाच्या वेलाला. वाळवण घालते, कोंबड्या हाकलते, शेळी घेऊन बांधाबांधाने जाते, येताना चार काटक्या आणते. खाली बसून जेवते आणि एका हाताचा टेकू घेऊन उभी राहते. हे जमिनीवरून उठणे साधे वाटते, पण मांड्यांची ताकद, गुडघे आणि तोल या तिन्हींची त्यात एकदम परीक्षा होते. शहरातून आलेल्या साठीच्या मंडळींना मी दवाखान्यात कधी कधी खाली बसून उठायला सांगतो. बरेच जण खुर्ची शोधतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये व्यायामाविषयी नव्या सूचना दिल्या. प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रम करावेत, आणि पासष्टीपुढच्या माणसांनी त्याखेरीज आठवड्यातून निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असे त्यांत आहे. आमच्या वाडीवरची म्हातारी हे १५० मिनिटांचे काम सोमवारी दुपारपर्यंत उरकून मोकळी होते. तिला व्यायाम हा शब्द ठाऊक नाही. तिच्या लेखी ते "हात चालू ठेवणे" आहे.

उलट बाजूही सांगतो. २००७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बारा निरोगी वयस्क माणसांना दहा दिवस अंथरुणावर पडून राहायला लावले. आजार काही नाही, खाणेपिणे व्यवस्थित. दहा दिवसांत त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस, म्हणजे स्नायू, झडले. तरुण माणसाचे झडले तर महिन्याभरात भरून येते. ऐंशीच्या माणसाचे पुष्कळदा येत नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसाला "तुम्ही आता काही करू नका, नुसते बसा" असे प्रेमाने सांगणे हा काही निरुपद्रवी उपचार नाही. औषधाच्या चिठ्ठीवर लिहायचे झाले तर त्याचे दुष्परिणाम मला आधी लिहावे लागतील.

उन्हाचेही तेच. ड जीवनसत्त्व त्वचेत तयार होते ते उन्हातल्या ज्या किरणांमुळे, ते किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. काचबंद बाल्कनीत आजीला खुर्ची टाकून दिली तर तिला ऊब मिळेल, पण हाडांना त्याचा उपयोग नाही. हे जीवनसत्त्व कमी पडले की हाडे तर ठिसूळ होतातच, पण मांड्याही अशक्त होतात आणि माणूस पडते. पडते म्हणून घरात बसवतात, घरात बसवल्यामुळे आणखी अशक्त होते.

हे झाले शरीराचे. मनाचे असे मोजता येत नाही म्हणतात, पण एक प्रयोग प्रसिद्ध आहे. १९७६ मध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात तो केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितले, तुमच्या खोलीत काय कोठे ठेवायचे ते तुम्ही ठरवा, सिनेमा कोणत्या दिवशी पाहायचा ते तुम्ही ठरवा, आणि हे एक रोप घ्या, त्याची काळजी तुम्ही घ्यायची. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली, पण सांगितले की पाणी परिचारिका घालतील, तुम्ही निश्चिंत राहा, आम्ही सगळे पाहू. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक तरतरीत आणि हिंडतीफिरती झालेली दिसली. प्रयोग लहान होता आणि पुढे त्यातल्या मृत्यूच्या आकडेमोडीत दुरुस्तीही करावी लागली, म्हणून मी त्यावर इमले बांधत नाही. पण "आम्ही सगळे पाहू" हे वाक्य मी दवाखान्यात इतक्या वेळा ऐकले आहे, की तो प्रयोग मला परका वाटत नाही.

आमच्या घरची गोष्ट

दुसऱ्यांच्या आयांविषयी सल्ला देणे सोपे, म्हणून घरचे सांगतो. माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. आमचे जुने घर विंझरच्या वरच्या अंगाला वाडीवर आहे. मी आणि पत्नी खाली रस्त्याला, दवाखान्याच्या वर राहतो. धाकटा भाऊ पुण्यात सिंहगड रस्त्याला. वडील गेल्यावर आईने खाली यायचेही नाकारले. "तुजा दवाखाना, रोज नवं दुखनं. माजं मला वर बरं."

२०२१ च्या श्रावणात तिला न्यूमोनिया झाला. करोना नव्हता, तपासला होता. पुण्यात नऊ दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. बरी झाल्यावर भाऊ तिला घरी, पाचव्या मजल्यावर घेऊन गेला. पाऊस संपेपर्यंत म्हणून गेली ती पाच महिने राहिली. भावाने आणि वहिनीने काही कमी केले नाही हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. वहिनी नोकरी करतात. त्या दुपारी अर्ध्या रजेवर येऊन आईला गरम जेवायला वाढत.

आईचे वजन वाढले. आधी आम्हाला बरे वाटले. मग लक्षात आले की ती बोलत नाही. विचारले तेवढ्याचे उत्तर. लिफ्टची भीती वाटायची म्हणून खाली उतरत नसे, आणि पाच मजले चढायचे तर प्रश्नच नाही. सकाळी चारला जाग आली की घरच्यांची झोपमोड नको म्हणून सहापर्यंत अंधारात पडून राहायची. रक्तदाब उत्तम होता. दर पंधरा दिवसांनी भाऊ मला मोबाईलवर आकडा कळवायचा.

जानेवारीत ती रात्री न्हाणीघरात पडली आणि डाव्या हाताचे मनगट मोडले. गुळगुळीत फरशी, ओले पाऊल. डोंगरउतारावर सत्तर पावसाळे काढलेली बाई घरात, चार पावलांच्या वाटेवर पडली. यात नवल नाही. वयस्क माणसे पडतात ती बहुतेक घरातच, आणि पुष्कळदा रात्री लघवीला उठताना. कोणाचा दोष काढायचा म्हटले तर फरशीचा काढावा लागेल.

प्लास्टर निघाले त्या रविवारी आम्ही सगळी भावंडे जमलो होतो. आईला आता कोणाकडे ठेवायचे, किती महिने, अशी चर्चा चालली होती. धाकट्या बहिणीने कागदावर मांडणीही केली होती. आई चहाचा कप बशीत ठेवून म्हणाली, "हितं समदं हाय. पर मी हितं कुनाला लागत न्हाई. तिकडं शेळी तरी वरडती."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग भावाने नेहमीचे कारण पुढे केले, लोक काय म्हणतील. त्यावर आईने जे उत्तर दिले ते मी इथे लिहीत नाही. वाडीवरच्या बोलीत ते ठीक होते, वर्तमानपत्रात चालणार नाही.

मला त्या दिवशी जी गोष्ट दिसली ती अशी. आई सोळाव्या वर्षी या घरात सून म्हणून आली. कधी जेवायचे, कधी निजायचे, माहेरी केव्हा जायचे, यातले काही तिच्या हातात नव्हते. आधी आजी ठरवायची, मग वडील. तोरण्यावरच्या मेंगाईला नवस फेडायला जायचे तरी विचारून जायचे. वडील गेल्यावर, सत्तरीनंतर, प्रथमच तिला स्वतःच्या वेळेला जेवता येऊ लागले. रात्री अंगणात बाज टाकायची की ओट्यावर, हे ती ठरवू लागली. आम्ही मुले त्याला एकटेपणा म्हणत होतो. आपल्या खेड्यांतल्या पुष्कळ बायकांना मोकळीक मिळते ती म्हातारपणीच, आणि नेमक्या त्याच वेळी मुले त्यांना न्यायला येतात.

वहिनींचेही सांगितले पाहिजे, कारण या सगळ्यात सुनेची बाजू कोणी मांडत नाही. आई वाडीवर परत आली तेव्हा नातेवाइकांनी ठपका ठेवला तो भावावर नाही, वहिनींवर. "सुनेने ठेवून घेतले नाही." पाच महिने अर्ध्या रजा काढल्या त्या बाईला हे ऐकावे लागले. शेवटी आईनेच दोन-तीन ठिकाणी फोन लावायला लावून सांगितले, की मी माझ्या मनाने आले. बहीण मात्र दोन महिने माझ्याशी बोलत नव्हती. मी डॉक्टर असून आईला वर एकटी सोडतो, असे तिचे म्हणणे. ते अजूनही पुरते गेलेले नाही.

आणि तिची भीती निराधार नाही. जुलैमध्ये रात्री पाऊस धरतो, वीज जाते, ओढ्याचा आवाज खाली रस्त्यापर्यंत येतो, तेव्हा मलाही झोप लागत नाही.

दाखला

आमच्या धंद्यातली एक गोष्ट वाचकांना सहसा ठाऊक नसते. म्हातारे माणूस मृत्युपत्र करणार असेल किंवा जमिनीचा व्यवहार करणार असेल, तर "सदर व्यक्ती शरीराने व मनाने सुदृढ असून तिला व्यवहार समजतो" असा डॉक्टरचा दाखला पुष्कळदा मागतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत असे दाखले मागणारे माझ्याकडे वाढले आहेत. कारण उघड आहे. पाबे घाट उतरून येणाऱ्या गाड्या पाहा. पुण्याच्या लोकांना मोकळी हवा हवी आहे, डोंगराकडेला बंगला हवा आहे, आणि त्यासाठी आमच्या बांधांना भाव आला आहे.

विलक्षण आहे सगळे. साठीचे पुणेकर मोकळ्या हवेसाठी इकडे गुंठे घेतात, आणि इकडची ऐंशीची माणसे "सोयीसाठी" तिकडे पाचव्या मजल्यावर जातात. मध्ये सातबारा बदलतो. सगळेच मुलगे वाईट नसतात, कर्ज असते, मुलीचे शिक्षण असते, हे मला कळते. पण बापाला पुण्याला नेणे आणि जमीन विकणे या दोन गोष्टी एकाच महिन्यात घडू लागल्या, की मी चष्मा पुसून घेतो.

माझा नियम असा आहे. दाखल्यासाठी आलेल्या माणसाशी मी एकट्याशी बोलतो. मुलगा, सून, दलाल, सगळे बाहेर. रक्तदाब, नाडी पाहतो, मग विचारतो, बाबा, कशाला आलात? कागदावर काय आहे? विकल्यावर तुम्ही राहणार कोठे? बहुतेक जण नीट सांगतात आणि मी सही करतो. एक आजोबा मात्र दार लागल्याबरोबर म्हणाले, "डाक्टर, मी बहिरा हाय आसं ल्हिवा." ते बहिरे मुळीच नव्हते. त्यांना व्यवहार करायचा नव्हता आणि तसे मुलाच्या तोंडावर म्हणवत नव्हते. मी खोटे लिहिले नाही. त्यांना व्यवहार समजतो आणि तो करण्याची त्यांची इच्छा नाही, असे त्यांनी मला सांगितले, एवढेच लिहिले. मुलगा चिडला. अजून तो औषधाला दुसरीकडे जातो.

इथे कायद्याचेही सांगून ठेवतो. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याप्रमाणे मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो, वकील लागत नाही. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता मुलाच्या नावे केली आणि त्याने सांभाळले नाही, तर ती नोंद रद्द करून घेण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. मात्र अट कागदावर हवी, हे लक्षात ठेवावे. आईवडिलांना त्यांच्या मनाविरुद्ध उचलून नेले तर काय, याला मात्र त्यात सरळ उत्तर नाही. ते घरातच सोडवावे लागते.

धोके आहेतच

आता इतके लिहिल्यावर कोणी म्हणेल, डॉक्टर खेड्याचे गोडवे गात आहेत. तसे नाही. इथल्या उघड्यावरच्या राहण्यात माणसे मरतात, आणि ती कशाने मरतात हे मला ठाऊक आहे.

पहिली मण्यार. ती रात्री हिंडते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. दंश पुष्कळदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही. घरचे म्हणतात पित्त झाले. पावसाळ्यात सकाळी असे पोट दुखले आणि डोळ्यांवर झापड आली, तर ती मण्यार समजून निघावे. बांधू नये, चिरू नये, मांत्रिकाकडे तास घालवू नये. हातपाय न हलवता १०८ च्या गाडीने किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविषाचे इंजेक्शन असलेल्या रुग्णालयात जावे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते, साप मारून आणण्याची गरज नाही. आणि सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे बाज आणि मच्छरदाणी. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली हवी. अंगणात निजायला माझी हरकत नाही, जमिनीवर निजायला आहे.

दुसरा विंचू. या बाबतीत आपण भाग्यवान आहोत, कारण लाल विंचवावरचा उपचार जगाला शिकवला तो घाटाखाली, मढे घाट उतरून गेले की पलीकडे, महाड भागात. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना पाहिले, की विंचू चावलेली मुले हृदय आणि फुप्फुसे निकामी होऊन दगावतात. पुढे त्यांनी प्राझोसिन नावाचे रक्तदाबाचे साधे औषध त्यासाठी वापरून दाखवले. दंशानंतर दर शंभरांत चाळीसपर्यंत जाणारे मृत्यू एकाच्या आसपास आले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. विंचू चावून दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, तर तासाभरात डॉक्टर गाठावा.

लावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून येणारा ताप, पोटऱ्या दुखणे आणि डोळे लाल होणे, हा लेप्टो असू शकतो. उंदरांच्या मुतातून तो येतो आणि पायाच्या भेगांतून शिरतो. वेळेवर साध्या गोळ्यांनी बरा होतो, उशीर केला तर मूत्रपिंडे जातात. चुलीच्या धुराविषयी मी पूर्वी लिहिले आहे, पुन्हा लिहीत नाही.

आणि एक गोष्ट अशी, की जिथे मी स्वतः मुलांच्या बाजूने उभा राहतो. स्मृतिभ्रंश. आमच्या भागातले एक गुराखी आजोबा, आयुष्यभर डोंगरावर काढलेले, नेहमीच्या वाटेवरून निघाले आणि दोन दिवस सापडले नाहीत. पोरांनी त्यांना राजगडाच्या पलीकडच्या अंगाला करवंदीच्या जाळीत शोधले, तेव्हा ते पायांतल्या वहाणा उशाला घेऊन बसले होते आणि बैल हरवलाय म्हणत होते. बैल तीस वर्षांपूर्वीच विकलेला. मी मुलांना सांगितले, यांना घेऊन जा, आता हे एकटे राहू शकत नाहीत. आजोबा मला नाही नाही ते बोलले. स्वातंत्र्य निवड करणाऱ्याचे असते. निवड करणारी बुद्धीच आजाराने गेली, तर त्या निवडीला धरून बसणे हीच हेळसांड. पण यातही लगेच फ्लॅट हे उत्तर नव्हे. त्यांच्या मुलाने भोरला तळमजल्यावर घर घेतले, मागे थोडी मोकळी जागा पाहून. आजोबा तिथे दिवसभर दावी वळतात. नवा बैल कधी घेणार, असे रोज विचारतात.

वयामुळे होणारा साधा विसरभोळेपणा आणि हा आजार यांत फरक आहे. चष्मा कोठे ठेवला ते विसरणे हा आजार नाही. चूल किंवा गॅस पेटवून विसरणे, गोळी दोनदा घेणे, ओळखीच्या वाटेवर चुकणे, पैशाचा हिशेब अचानक न जमणे, यांतले काही दिसले तर तपासणी करावी. त्यांतही थायरॉईड, ब जीवनसत्त्व (बी बारा), आणि मनाची उदासी ही कारणे आधी पाहावीत, कारण ती बरी होतात.

पत्रलेखकांना

तुमच्या आईला एकटीला विचारा. पत्नी, मुले, मोबाईल बाजूला ठेवून. तिच्या ओट्यावर बसून, तुमच्या दिवाणखान्यात नव्हे. "तू आमच्याकडे का येत नाहीस?" असे विचारू नका, त्यात उत्तर आधीच आले. "तुला कशाची भीती वाटते?" असे विचारून पाहा. माझ्या आईची भीती मरणाची नव्हती. आजारी पडून रुग्णालयात नळ्या लावून ठेवतील, घरी आणणार नाहीत, याची होती. ते आम्ही चौघा भावंडांनी मिळून तिच्याशी बोलून घेतले. तिने काय हवे, काय नको ते सांगितले, भावाने ते लिहून घेतले.

मग तिची व्यवस्था लावा. आमच्याकडे अशी आहे. आईच्या ओट्यावरचा दिवा संध्याकाळी लागला की खालून दिसतो. वीज गेली तर सौर कंदील. सात वाजेपर्यंत दिवा दिसला नाही तर फोन करायचा, उचलला नाही तर वर जायचे. तीन-साडेतीन वर्षांत असे दोनदा झाले. एकदा तिला ताप होता. दुसऱ्यांदा ती शेजारच्या हळदीला जाऊन बसली होती आणि मी छत्री घेऊन चिखलातून वर गेलेला पाहून बायका हसल्या. शेजारच्या सुनेकडे घराची दुसरी किल्ली आहे. तिला आम्ही दरमहा ठरावीक रक्कम देतो, उपकारावर ठेवत नाही. न्हाणीत खडबडीत फरशी आणि भिंतीला धरायला दांडा बसवला आहे. बॅटरी उशाशी, काठी बाजेला.

भाऊ महिन्यातून दोन शनिवार येतो. नातवंडे मे महिन्यात येतात आणि दिवसभर बाहेर असतात, याचा फायदा त्यांनाही आहे. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जादा उघड्यावर ठेवले, तेव्हा तीन वर्षांत चष्मा लागण्याचे प्रमाण शंभरांत सुमारे चाळीसवरून तीसवर आले. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. आईला मी हे सांगितले तर ती म्हणाली, "मग काय, डोळं काय खोलीत उघडत्यात व्हय?"

तुमच्या आईच्या प्रकृतीविषयी तुम्ही पत्रात फक्त रक्तदाबाची गोळी लिहिली आहे. मला आणखी काही हवे आहे. रक्तदाब बसून मोजता तसा, उठून उभे राहिल्यावर तीन मिनिटांनीही मोजा. खूप उतरत असेल तर गोळी कमी करावी लागेल, पडण्याचे ते एक मोठे कारण असते. ती गोळी लघवीची आहे का आणि रात्री घेते का, ते पाहा. मोतीबिंदू आहे का? चष्मा शेवटी केव्हा तपासला? रात्री किती वेळा उठते आणि संडास घरात आहे की परसात? ती जमिनीवर निजते की बाजेवर? एवढे कळवा. पुढच्या रविवारी गावी जाल तेव्हा येताना तिच्या गोळ्यांची पाकिटे, रिकामी आणि भरलेली, दोन्ही घेऊन विंझरला थांबा. आणि तिची यायची इच्छा असेल, तरच तिला बरोबर आणा.